कबरी खऱ्या, जागा कल्पिलेली



गेल्या हिवाळ्यात हनुक्काच्या एका संध्याकाळी, मेणबत्त्या पेटवून सुफगनियोत खाऊन झाल्यावर, आमच्या गावच्या मंडळींत एक विषय निघाला. तरुणांचे म्हणणे असे की, बेने इस्राएलांचे एक प्रदर्शन इंटरनेटवरच्या आभासी जगात उभारावे. त्यात अलिबाग, रेवदंडा, पनवेल येथली प्रार्थनामंदिरे असावीत, मुंबईचे १७९६ सालचे शाआर हारहमिम असावे, तेलाचा घाणा असावा, मलिद्याचे ताट असावे, जुने फोटो असावेत. म्हणजे दिमोनातला मुलगा, लंडनमधला मुलगा आणि ठाण्यातला मुलगा एकाच वेळी तिथे जाऊन हे सारे पाहू शकेल.

वडीलधाऱ्यांत लगेच दोन तट पडले. एक काका म्हणाले, "हा पोरखेळ आहे. पैसे असतील तर कोकणातल्या एखाद्या मशिदीचं छप्पर शाकारा." एका मावशींनी विचारले, "तिथं आत जाताना मेजुझाला हात कसा लावायचा रे?" सगळे हसले. आम्हीही हसलो, पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना.

अशी आभासी प्रदर्शने आम्ही काही वर्षांपूर्वी पाहिली होती, हे मंडळींना ठाऊक होते. म्हणून काम आमच्या गळ्यात पडले. चाळीस वर्षे फळ्यासमोर उभे राहण्यात गेली असल्यामुळे 'छान आहे' किंवा 'टाकाऊ आहे' असा शेरा मारून वही परत देण्याची आम्हांस सवय नाही. काय जमले, काय चुकले, ते समासात लिहावे लागते. तेच येथे करीत आहोत.

आधी त्या जगाविषयी थोडेसे. सेकंड लाइफ नावाचे एक जग लिंडन लॅब या अमेरिकन कंपनीने २००३ साली खुले केले. तिथे जिंकणे-हरणे नाही. जमीन भाड्याने घ्यायची, तिच्यावर हवे ते बांधायचे आणि लोकांनी येऊन पाहायचे. तिथे आपल्या जागी जी बाहुली फिरते तिला अवतार म्हणतात. आपल्या भाषेत हा शब्द आधीपासून आहे आणि त्याचा दुसरा अर्थही आहे. आमची बाहुली प्रथम तयार झाली तेव्हा तिचे केस कपाळात आणि पाय जमिनीच्या खाली होते. शाळेत संगणक शिकवणाऱ्या सहकारी बाई शेजारी होत्या. त्यांना हिब्रूत सांगूनही कळले नसते, म्हणून आम्ही मनातल्या मनातच म्हटले, "काय हा अवतार!"

तिथे चालताना आपण आपल्याच पाठीमागून चालतो. नजर बाहुलीच्या डोक्यामागून, जरा उंचावरून असते. तिथल्या बाहुल्या बहुधा सात-सात फुटी असतात, त्यामुळे दारे आणि छतेही उंच बांधलेली असतात. उडता येते, भिंतीवरच्या चित्राला नाक लागेल इतके जवळ जाता येते. चित्रे मात्र एकदम दिसत नाहीत. आधी करडा चौकोन येतो, मग धुक्यातून यावेत तसे रंग येतात आणि मग रेषा. ज्यांचे इंटरनेट धिमे त्यांनी धीर धरावा.

पहिले प्रदर्शन आम्ही पाहिले ते रोमच्या सिस्टाइन चॅपलचे. अमेरिकेतल्या व्हॅसर कॉलेजने ते २००७ साली या जगात उभारले. खरे सांगायचे तर दारात आम्ही थबकलो. आमच्या वडिलांनी आयुष्यात कधी चर्चच्या आत पाऊल टाकले नव्हते. मग वाटले, पाऊल तर बाहुलीचे आहे. आत शिरलो.

मायकेलअँजेलोने ते छत १५०८ ते १५१२ या वर्षांत रंगवले. खऱ्या चॅपलात ते जमिनीपासून सुमारे २० मीटर उंच आहे. मान मोडेपर्यंत वर पाहायचे आणि मागचे लोक पुढे ढकलणार. येथे एक कळ दाबली की आपण वर. यशया, यिर्मया, यहेज्केल, दानिएल, आपलेच सारे नबी. बाहुली छताखाली तरंगत होती आणि आम्ही एकेकाला भेटत होतो. किप्पूरच्या दिवशी दुपारी ज्याची गोष्ट वाचतात तो योना वेदीच्या वर बसलेला आहे. त्याच्यापुढे आम्ही बराच वेळ थांबलो.

तिथेच या प्रदर्शनाची उणीव लक्षात आली. योना ज्या भागावर रंगवला आहे, तो छताचा भाग पाहणाऱ्याकडे झुकलेला आहे. तरी खालून पाहताना योना मागे रेललेला दिसतो. ही त्या चित्रकाराची करामत. ती खाली उभ्या असलेल्या माणसासाठी केलेली आहे. उडत त्याच्या तोंडासमोर गेलो तेव्हा करामत नाहीशी झाली आणि नुसता रंगवलेला बाक उरला. मग बाहुलीला खाली उतरवले, जमिनीवर उभे केले आणि पुन्हा वर पाहिले. योना पुन्हा मागे रेलला. प्रदर्शन बांधणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी इमारत मन लावून बांधली होती. भिंतींच्या खालच्या भागावर राफाएलच्या आराखड्यांवरून विणलेले पडदे त्यांनी टांगले होते, जे खऱ्या चॅपलात एरवी टांगलेले नसतात. २०२० साली राफाएलच्या मृत्यूला ५०० वर्षे झाली तेव्हा तिथे ते एका आठवड्यापुरते लावले गेले. म्हणजे काही गोष्टी आभासी चॅपलात खऱ्यापेक्षा अधिक पाहता आल्या. पण कुठे उभे राहून पाहायचे, हे सांगणारे कोणी नव्हते. विद्यार्थ्यांना वस्तुसंग्रहालयात नेणाऱ्या शिक्षकाला हे पहिले कळते. मुले काचेला नाक लावतात. त्यांना दोन पावले मागे घ्यावे लागते.

दुसरे प्रदर्शन जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचे. तिथल्या जुन्या चित्रांच्या सरकारी संग्रहालयाने २००७ साली आपली सगळी चित्रशाळा, दालनांसकट आणि सुमारे ७५० चित्रांसकट, सेकंड लाइफमध्ये उभी केली. तिथे आम्ही एकटे गेलो नाही. आमची थोरली बहीण बरोबर होती. आम्ही तिला आक्का म्हणत असू. ती ठाण्यात राहत असे. आम्ही आलिया केली, ती मागे राहिली. माझगावच्या सर एली कदुरी शाळेत आम्ही दोघी शिकलो. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा ती पास झाली होती. आम्ही एलिमेंटरीतच अडकलो. तिचे गुडघे गेले होते, घरातल्या घरात चालणेही जड झाले होते. तिच्या मुलाने तिची बाहुली तयार करून दिली. आमच्याकडे संध्याकाळचे सहा वाजले की ठाण्यात साडेनऊ. तिचे जेवण आटोपलेले असे. स्काइपवर बोलणे आणि पडद्यावर चालणे, असे आम्ही त्या चित्रशाळेत दहा-बारा वेळा फिरलो.

तेव्हा जाणवलेली उणीव प्रथम सांगतो. या प्रदर्शनात चित्रांचा आकार हातातून निसटतो. राफाएलची सिस्टाइन मॅडोना २६५ सेंटिमीटर उंच आहे. व्हर्मीरची, खिडकीत पत्र वाचणारी मुलगी, जेमतेम ८३ सेंटिमीटर. इमारत बांधणाऱ्याने मोजमाप कितीही काटेकोर ठेवले, तरी जवळ गेल्यावर दोन्ही चित्रे संगणकाचा पडदा तेवढाच भरतात. मोठ्या चित्रापुढे अंग चोरले जाते आणि छोट्या चित्रापुढे वाकावे लागते. बाहुली अंग चोरत नाही आणि वाकतही नाही. आक्काने यावर उपाय काढला. तिने मुलाकडून भिंतीवर खडूने व्हर्मीरच्या चित्राच्या मापाचा चौकोन आखून घेतला. "एवढंसं आहे गं," ती म्हणाली, "आपल्या देवळीएवढं." तेव्हा कुठे आम्हांलाही ते चित्र दिसले.

त्या मुलीच्या मागची भिंत रिकामी होती. आक्काला ती भिंत फार आवडे. ती म्हणे, "एवढी मोठी भिंत कोरी सोडायला छाती लागते. आपल्या परीक्षेत कोरी जागा सोडली की मास्तर मार्क कापायचे."

आक्का गेली त्यानंतर काही वर्षांनी, २०२१ च्या सप्टेंबरात, ते चित्र साफसफाई होऊन ड्रेस्डेनमध्ये पुन्हा लागले. आता त्या भिंतीवर एक मोठे चित्र आहे: क्युपिड, म्हणजे त्यांचा मदन. रंगाखाली तो आहे हे १९७९ च्या क्ष-किरण तपासणीतच कळले होते. तो व्हर्मीरनेच झाकला, असे तोवर समजत. २०१७ पासून सुरू झालेल्या कामात असे ठरले की, झाकणारा हात व्हर्मीरचा नव्हता. तो रंग त्याच्या मृत्यूनंतर कोणीतरी चढवला होता. म्हणून तो काढला गेला. आक्काने जिची वाखाणणी केली ती कोरी भिंत व्हर्मीरची नव्हतीच.

आम्ही याचा पुष्कळ विचार केला. २००७ सालची ती आभासी प्रत बनवताना मूळ चित्रच तसे होते. प्रतीने खोटे सांगितले नाही. पण मूळ चित्र पुढे बदलले. प्रत ही घेतल्या दिवसाचा फोटो असते. ती कोणत्या दिवशी घेतली, हे तिच्यावर ठळक लिहिलेले हवे. आपल्या घरांतल्या आजोबा-पणजोबांच्या तसबिरींवर साल लिहिलेले नसते आणि मग चार भावंडांची चार मते होतात, तेच येथे होणार.

त्याच चित्रशाळेत आम्हां दोघींना एक चित्र सापडले, ज्याच्यासाठी हा सगळा लेख लिहावासा वाटला. याकोब फान रॉयसदाल या डच चित्रकाराचे 'ज्यू दफनभूमी'. १६५० च्या दशकातले. वर काळे ढग, त्यात एक इंद्रधनुष्य, मागे पडकी इमारत, एक वठलेले पांढरे झाड, कबरींमधून वाहणारा ओढा आणि त्या अंधारात दोन-तीन कबरींवर पडलेला उजेड. त्यांच्या आकारावरूनच आक्का म्हणाली, "ह्या आपल्या लोकांच्या दिसतात." नंतर म्हणाली, "ही दगडं खरी आहेत का गं, की ह्याच्या मनातली?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. वाचनालयातून पुस्तक आणले आणि पुढच्या बुधवारी तिला वाचून दाखवले. कबरी खऱ्या. ॲमस्टरडॅमजवळ आउडरकेर्क नावाचे गाव आहे. तिथे पोर्तुगीज ज्यूंनी १६१४ साली आपल्या दफनभूमीसाठी जमीन घेतली. चित्रातल्या कबरी तिथल्या आहेत आणि आजही ओळखता येतात. त्यांतली एक एलियाहू मोंटाल्टो या वैद्याची आहे. फ्रान्सच्या राणीचे ते वैद्य होते आणि १६१६ साली फ्रान्समध्ये वारले. पण त्यांना आणून पुरले ते आपल्या लोकांत. कबरी अशा खऱ्या. मागची पडकी इमारत मात्र दुसऱ्याच ठिकाणची, आणि तो ओढा, ते झाड, तो सगळा देखावा चित्रकाराने जुळवलेला. याच विषयाचे त्याचे याहून मोठे दुसरे चित्र अमेरिकेत डेट्रॉइटला आहे.

आक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे कबरी खऱ्या आणि जागा कल्पिलेली. मग आपण दोघी कुठे उभ्या आहोत ते काही वेगळं नाही."

हे वाक्य आम्ही वहीत लिहून ठेवले. तिचे म्हणणे असे की, ठाणे खरे, इस्राएल खरा, दोघी बहिणी खऱ्या, बोलणे खरे. फक्त दालन जुळवलेले. आभासी प्रदर्शनाविषयी जे काही आम्हांस सांगायचे आहे, त्याचे मूळ येथे आहे. जुळवलेली जागा ही लबाडी नव्हे. रॉयसदालने साडेतीनशे वर्षांपूर्वी तेच केले आणि त्या चित्रापुढे लोक अजून थांबतात. पण कोणते खरे आणि कोणते जुळवलेले, हे विचारले असता सांगता आले पाहिजे. आणि विचारायला शेजारी कोणीतरी लागते. आक्काने विचारले नसते तर आम्ही पुस्तक आणलेच नसते.

ड्रेस्डेनची ती चित्रशाळा बांधणारा वास्तुकार गॉटफ्रीड झेम्पर. ती १८५५ साली उघडली. त्याच्या कितीतरी आधी, १८४० साली, याच झेम्परने त्याच शहरात ज्यूंचे प्रार्थनामंदिर बांधून दिले होते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री ते जाळले गेले. छतावरचा मागेन दाविद एका बंबवाल्याने वाचवून लपवून ठेवला. तो आज २००१ साली बांधलेल्या नव्या प्रार्थनामंदिरात आहे. चित्रशाळाही १९४५ च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाली, पण ती पुन्हा बांधली गेली आणि तिची आभासी प्रतही निघाली. एकाच हाताच्या दोन इमारतींची अशी दोन नशिबे.

म्हणून तिसरे प्रदर्शन. त्याच क्रिस्टालनाख्टच्या रात्रीवर वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाने २००८ च्या सुमारास सेकंड लाइफमध्ये एक प्रदर्शन उभारले. त्या रात्रीला तेव्हा सत्तर वर्षे होत होती. तिथे पाहणारा वार्ताहराच्या भूमिकेत शिरतो. एक जर्मन रस्ता. दुकानांच्या फुटलेल्या काचा. उलथेपालथे केलेले घर. जळलेले प्रार्थनामंदिर. आणि ठिकठिकाणी त्या रात्रीतून वाचलेल्या माणसांचे आवाज, स्वतःच्या तोंडून सांगितलेल्या आठवणी. त्या दिवसांत सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत नेले, हा आकडा आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितला असेल. तिथे एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज ऐकला आणि आकडा विसरलो.

या प्रदर्शनाविषयी आमच्या मनात आधी राग होता, हे कबूल करतो. जिथे लोक बाहुल्यांना पंख लावून नाचवतात, त्याच जगात हे? शेजारच्या बेटावरून कोणी सोंग घेऊन उडत आले तर? दोन तास फिरल्यावर राग गेला. कारण असे: सिस्टाइन चॅपल अजून उभे आहे, ड्रेस्डेनची चित्रे अजून लागलेली आहेत, त्यांची प्रत ही मुळाच्या मानाने नेहमीच उणी पडणार. जळून गेलेल्या रस्त्याचे तसे नाही. त्याच्याशी ताडून पाहायला काही उरलेलेच नाही. जे नाहीसे केले गेले, ते पुन्हा दाखवायला हे साधन योग्य आहे. आणि संग्रहालयाने त्यात भर दिला तो भिंतींवर नव्हे, आवाजांवर. काचा संगणकाने केलेल्या होत्या. आवाज खरे होते, आणि ते ऐकताना ती काच कशी केली आहे इकडे लक्ष गेले नाही.

वाचकांपैकी कोणी म्हणेल, हे सारे नवे फॅड आहे. तसे नाही. तेल अवीवच्या विद्यापीठाच्या आवारात १९७८ साली बेत हत्फुत्सोत उघडले, आज ज्याला अनू म्हणतात, तेव्हा त्याच्यावर हाच आक्षेप घेतला गेला होता. त्यात जुन्या, मूळ वस्तू जवळजवळ नव्हत्या. होते ते नमुने, फोटो, फिल्म. जगभरच्या प्रार्थनामंदिरांच्या छोट्या प्रतिकृती पाहायला आम्ही दरवर्षी वर्ग घेऊन जात असू आणि मुले तिथे जेवढी थांबत तेवढी कुठेच थांबत नसत. उलट यरुशलेमच्या इस्राएल संग्रहालयात कोचीनच्या कडवुंभागम प्रार्थनामंदिराचे खरे लाकूड आहे. १९९० च्या दशकात तो कोरीव अंतर्भाग तिथे उभा करण्यात आला. त्या लाकडाला वास आहे. पण ते मट्टनचेरीत नाही, हेही खरे. जर्मनीतल्या डार्मश्टाट विद्यापीठात १९९५ पासून विद्यार्थी आणि शिक्षक नाझींनी पाडलेली प्रार्थनामंदिरे संगणकावर पुन्हा उभारीत आले आहेत. त्याला निमित्त झाले १९९४ साली ल्युबेक गावच्या प्रार्थनामंदिराला लावलेल्या आगीचे. लाकूड उचलून आणणे, पुठ्ठ्या-लाकडाचा नमुना करणे, संगणकावर उभारणे, हे तिन्ही मार्ग एकाच दुःखातून निघालेले आहेत. त्यांत उच्चनीच करण्यापेक्षा प्रत्येकाला काय जमते ते पाहावे.

आता या जगाचा सर्वांत मोठा दोष. मोठ्या संस्था सोडून एका चित्रकाराचे लहानसे प्रदर्शन आम्हां बहिणींना फार आवडत असे. तो कोण, कुठला, आम्हांस कधी कळले नाही. तिथे लोक टोपणनावानेच वावरतात. पाण्यावर बांधलेल्या पाच-सहा खोल्या आणि एक बाक. ड्रेस्डेनमध्ये फिरून दमलो की आम्ही तिथे जाऊन बसत असू. दमत आम्हीच होतो, बसत बाहुल्या होत्या. आक्काशी आमचे शेवटचे लांब बोलणे त्या बाकावर झाले. तिला आईच्या हातच्या नारळाच्या दुधातल्या हलव्याचे प्रमाण हवे होते आणि आम्हांस ते आठवत नव्हते.

हनुक्कानंतर नातवाला घेऊन बसलो. तो आम्हांस एरवी सफ्ता म्हणतो आणि काही हवे असेल तेव्हा आजी. जुना पत्ता घातला. त्या जागी काही नव्हते. खोल्या नाहीत, बाक नाही, पाणीसुद्धा नाही. "सफ्ता, भाडं दिलं नसेल," नातू म्हणाला. तेच खरे. तिथली जमीन महिन्याच्या भाड्यावर असते. भाडे थांबले की बेट जाते. कोकणातल्या कितीतरी प्रार्थनामंदिरांत आज मिन्यानपुरती दहा माणसे जमत नाहीत. तरी भिंती उभ्या आहेत, शेजारी दिवाबत्ती करतो, वर्षाकाठी कोणी बस भरून येतात आणि कुलूप निघते. आभासी इमारत अशी हळूहळू पडत नाही. आज आहे, उद्या नाही, आणि पडझडीचा एक दगडही मागे राहत नाही.

हे सारे पाहून आमच्या मंडळींच्या बेताविषयी आमचे मत असे.

प्रदर्शन जरूर उभारावे. पण पहिला खर्च इमारतीवर करू नये. पहिला खर्च आवाजांवर करावा. १८८० च्या सुमारास आपल्यात मराठी कीर्तने सुरू झाली. ती चालींसकट म्हणणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मलिद्याच्या वेळी एलियाहू हन्नाबीला हाक कशी घालतात, तेल्याच्या घाण्याचा आवाज कसा असे, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या घराला गाव काय म्हणे, हे सांगणारे लोक लोद, रामले, अश्दोद, दिमोना येथे आहेत आणि ते आमच्याच वयाचे किंवा पुढचे आहेत. इमारतीची मापे पाच वर्षांनीही घेता येतील.

दुसरे, प्रत्येक वस्तूपाशी लिहावे: ही खरी वस्तू कुठे आहे, तिचे माप किती, हा फोटो कोणत्या साली घेतला, आणि कोणता भाग आपण अंदाजाने भरला आहे. अलिबागच्या प्रार्थनामंदिराचे अंगण दाखवताना मागे समुद्र छान दिसतो म्हणून ओढून आणू नये. आणलाच, तर तसे लिहावे.

तिसरे, सगळ्याची एक प्रत त्या भाड्याच्या जमिनीबाहेर, आपल्या हातात राहावी. आवाजांची तर दोन ठिकाणी.

आणि चौथे, जे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रदर्शन चोवीस तास उघडे राहू द्या, पण आठवड्यातून एक तास असा ठेवा, जेव्हा आपल्यापैकी कोणी ज्येष्ठ तिथे हजर असेल. इकडे सहा, ठाण्यात साडेनऊ ही वेळ आम्ही आजमावलेली आहे. मुलांनी विचारावे, ज्येष्ठांनी सांगावे. उत्तर नसेल तर पुढच्या बुधवारी सांगावे. सात फुटी बाहुली व्हायला आमची तयारी आहे.

त्या मावशींच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अजून सापडलेले नाही. बाहुलीचा हात मेजुझापर्यंत नेता येतो, पण तो हात लावणे नव्हे. दाराशी एवढे लिहिता येईल की खरी मेजुझा कोणत्या गावात, कोणत्या दाराला आहे, आणि तिथे जायला अलिबागेहून कोणती एसटी मिळते.

छपराविषयी बोलणाऱ्या काकांचेही बरोबर आहे. प्रदर्शनाच्या दाराशी एक दानपेटी ठेवावी आणि तिच्यातले पैसे कोकणात पाठवावेत. आणि हलव्याचे प्रमाण कोणाला ठाऊक असल्यास आम्हांस अवश्य कळवावे.